संदर्भ लिहिणं आणि संदर्भ राखणं

इंटरनेटवरच्या मजकुराचा संदर्भ तयार करून देणाऱ्या साधनांचा इतिहास कष्ट वाचल्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो, आणि त्यात तथ्य आहेच. 2000 साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सायटेशन मशीन’मध्ये लेखक, शीर्षक, तारीख असे रकाने भरले की नियमात बसणारी नोंद हाती येई. 2006 मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासकारांच्या केंद्राने ‘झोटेरो’ मोफत उपलब्ध केलं. ब्राउझरमधलं बटण दाबलं की पानाच्या कोडमध्ये नोंदवलेली माहिती ते स्वतःच उचलतं. मात्र या दोन्हींनी आधी सोडवला तो मांडणीचा प्रश्न. संदर्भ द्यायचा तो वाचकाला मूळ मजकूर पडताळता यावा म्हणून, आणि ती बाजू सांभाळली ग्रंथपालांनी आणि जतन करणाऱ्या संस्थांनी.

छापील पुस्तकाची एक प्रत हरवली तर दुसऱ्या ग्रंथालयात सापडते. वेबपानाचा पत्ता एकच, आणि तिथला मजकूर मालक कधीही बदलतो किंवा काढून टाकतो. हे पत्ते इतके बेभरवशाचे ठरले की ‘मॉडर्न लँग्वेज असोसिएशन’ने 2009 च्या नियमपुस्तिकेत ते देण्याची सक्तीच काढली, 2016 मध्ये ते पुन्हा द्यावेत असं सुचवलं. हार्वर्डच्या अभ्यासकांच्या पाहणीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतल्या सुमारे निम्म्या लिंक मूळ मजकुरापर्यंत पोचत नव्हत्या. स्वल्पविराम बिनचूक असले तरी अशा नोंदी निरुपयोगीच. म्हणून 2013 मध्ये हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाने ‘पर्मा डॉट सीसी’ सुरू केलं. लेखकाने लिंक दिली की पानाची त्या वेळची प्रत जतन होते आणि तळटिपेत त्या प्रतीचा पत्ता देता येतो.

डीओआय, म्हणजे ऑनलाइन मजकुराला दिलेला कायमचा ओळखक्रमांक, असताना याची गरज काय, असं कुणी विचारेल. शोधनिबंधांपुरता तो क्रमांक उत्तम, कारण पत्ता बदलला की प्रकाशक नोंद सुधारतो; बातम्या आणि सरकारी पानांना तो सहसा नसतो. दुसरा आक्षेप असा की आयत्या नोंदींमुळे विद्यार्थी आळशी होतात. पण स्वल्पविरामाची जागा पाठ असणं म्हणजे अभ्यास नव्हे. यंत्र चुकतं ते पानावरची माहिती अपुरी असते तिथे: संस्थेला व्यक्ती समजून ते तिचं नाव आडनावासकट उलटं छापतं. ती चूक मूळ पान उघडून पाहणाऱ्यालाच सापडते. तेव्हा विद्यापीठांनी संदर्भसूची तपासताना मांडणीआधी दोन गोष्टी पाहाव्यात: विद्यार्थ्याने मूळ मजकूर वाचला आहे का, आणि त्याची जतन केलेली प्रत वाचकाला उघडता येते का.