एक अनर्थ आणि त्याचें परिमार्जन

इतिहास वाचतांना दुष्टांनीं केलेल्या अनर्थांकडे आपलें लक्ष सहज जातें. परंतु सज्जनांच्या हातून, सद्हेतूनें आणि सरकारी खर्चानें घडलेल्या अनर्थाची नोंद करणें त्याहून अवघड असतें. तेथें दोष कोणाच्या माथीं मारावा हें चटकन् उमगत नाहीं. इजिप्त देशांत गेल्या शतकांत घडलेली एक हकीकत ह्याच जातीची आहे; तिचा शेवट आतां दृष्टिपथांत आल्यामुळें ती आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

नाईलचें पाणी हें इजिप्तचें जीवन. परंतु तेंच त्याच्या एका जुनाट व्याधीचेंहि घर आहे. गोड्या पाण्यांतील गोगलगायींच्या अंगीं वाढणारा एक सूक्ष्म किडा पाण्यांत उतरलेल्या माणसाच्या कातडींतून आंत शिरतो आणि त्याच्या रक्तवाहिन्यांत बिऱ्हाड करितो. लघवीवाटे रक्त जाणें, अशक्तता आणि कालांतरानें मूत्राशयाचा कर्करोग हीं त्याचीं फळें. १८५१ सालीं कैरो येथें थिओडोर बिल्हार्झ ह्या जर्मन डॉक्टरास तो किडा सांपडला, म्हणून रोगास बिल्हार्झिया हें नांव पडलें. रोग मात्र फार प्राचीन. रफर ह्या संशोधकानें १९१० सालीं सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या ममींच्या मूत्रपिंडांत ह्या किड्याचीं अंडीं दाखवून दिलीं. पुढें धरणें आणि बारमाही कालवे झाले, शेतकरी वर्षभर पाण्यांत राबूं लागला आणि रोग फोफावला. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी गांवींहि हा रोग आढळल्याचें १९५२ सालीं प्रसिद्ध झालें होतें.

ह्या रोगावर टार्टार एमेटिक हा अँटिमनीचा क्षार शिरेंतून टोंचल्यास गुण येतो, असें क्रिस्टोफरसन ह्या डॉक्टरानें १९१८ सालीं खार्टूम येथें दाखविलें. औषध उग्र होतें, आणि तें एकेका रोग्यास बारा ते सोळा वेळां टोंचावें लागे. १९५० नंतरच्या सुमारें तीस वर्षांत इजिप्त सरकारनें ही चिकित्सा गांवोगांव नेली. कांचेच्या पिचकाऱ्या थोड्या आणि रोगी पुष्कळ! रांग वाढली कीं उकळण्याचा वेळ घटे, आणि एकाच्या रक्ताचा अंश सुईवाटे दुसऱ्याच्या शिरेंत जाई. आमच्या लहानपणीं गांवच्या दवाखान्यांत पातेल्यांतून चिमट्यानें सुई काढणारा कंपाउंडर आम्हीं पाहिला आहे. पाणी किती वेळ उकळलें हें त्याला कोणी विचारीत नसे.

सुईवाटे कावीळ पसरते हें त्या काळीं अगदींच अज्ञात होतें असें नव्हे. ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकांत १९४५ सालींच त्याविषयीं इशारा छापून आला होता. पण येथील शत्रु निराळा होता. तो बहुधा काविळीचा गाजावाजा न करितां वीस-तीस वर्षें यकृतांत मुकाट्यानें राहतो. 'अ' नव्हे आणि 'ब' हि नव्हे अशी तिसरी कावीळ आहे, इतकें अमेरिकेंत हार्वे ऑल्टर ह्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७५ सालीं ओळखलें. मायकेल हौटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिचा विषाणु १९८९ सालीं हुडकून काढला आणि त्यास हेपटायटिस सी हें नांव मिळालें. तोंपर्यंत इजिप्तमध्यें सुईची जागा पोटांत घ्यावयाच्या गोळ्यांनीं घेतली होती. परंतु पेरणी होऊन गेली होती. ज्या प्रांतांत व ज्या वयाच्या लोकांत टोंचणी अधिक, तेथें विषाणूहि अधिक, हें २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. २००८ च्या पाहणींत १५ ते ५९ वयाच्या शंभरांतील सुमारें दहा जणांच्या रक्तांत विषाणु प्रत्यक्ष सांपडला.

हा विषाणु स्वतः कर्करोग एकाएकीं उत्पन्न करीत नाहीं. यकृत पुनःपुन्हां सुजतें, भरून येतें, त्यांत वण पडत जातात आणि शेवटीं तें निबर होतें. ह्यालाच सिरोसिस म्हणतात. अशा शंभर रोग्यांपैकीं दरवर्षीं एक ते चार जणांस यकृताचा कर्करोग गांठतो. मूत्राशयाच्या कर्करोगापासून वांचविण्यास निघालेल्या सुईनें यकृताच्या कर्करोगाची वाट मोकळी करावी, ह्याहून क्रूर विरोधाभास कोणता?

परिमार्जनाचा भागहि तितकाच मनोवेधक आहे. आरंभींचा उपाय इंटरफेरॉन. तोहि टोंचावयाचाच, बहुधा वर्षभर, आणि गुण येई तो सुमारें निम्म्यांस. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुव्हिर हें पोटांत घेण्याचें औषध अमेरिकेंत मान्य झालें. बारा आठवड्यांची तेथील किंमत ८४,००० डॉलर! इजिप्तनें वाटाघाटी करून २०१४ सालीं तें ९०० डॉलरांत मिळविलें, आणि पुढें देशांतच तयार करून आणखी स्वस्त केलें. ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ ह्या सात महिन्यांत सुमारें पांच कोटि लोकांचें रक्त तपासण्यांत आलें. बाधितांवर सरकारनें फुकट उपचार केले. ज्यांचा निकाल हातीं आला त्यांतील शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णवांहून अधिक विषाणुमुक्त झाले. २०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें ह्या कार्याचा गौरव केला.

तथापि विषाणु गेला म्हणजे सर्व भय गेलें असें समजूं नये. २०१६ सालीं स्पेनमधून अशी शंका निघाली होती कीं ह्या नव्या औषधांनीं कर्करोग उलट बळावतो. मोठ्या पाहण्यांनीं ती खोटी ठरविली, आणि विषाणुमुक्तांत ह्या कर्करोगाचा धोका सुमारें सत्तर टक्क्यांनीं घटतो असें दिसून आलें. परंतु उरलेला धोका उरतोच. निबर झालेलें यकृत मागचें विसरत नाहीं. म्हणून सिरोसिसच्या रोग्यानें बरें झाल्यावरहि दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करून घ्यावी असा तज्ज्ञांचा आग्रह आहे.

उपकार करणाऱ्यानें आपल्या साधनाची शुचिता प्रथम पाहावी, हा ह्या इतिहासाचा बोध आम्हांस वाटतो. त्या मोहिमेंतील डॉक्टरांस आम्ही खलपुरुष म्हणणार नाहीं; त्यांनीं असंख्य लोकांस एका दारुण रोगांतून सोडविलें. परंतु इशारा छापलेला असतांना घाईनें त्याचा बळी घेतला, हेंहि लपवितां येत नाहीं. आपल्याकडेहि सुई टोंचल्याखेरीज डॉक्टरानें कांहीं केलें असें कित्येकांस वाटत नाहीं. ज्यांच्या घरांतील वडील मंडळींनीं उकळलेल्या पिचकाऱ्यांचा काळ पाहिला आहे, त्यांनीं एकदां रक्त तपासून घ्यावें. जुलै २०१८ पासून आपल्या सरकारनेंहि ह्या रोगाच्या मोफत उपचाराचा कार्यक्रम हातीं घेतला आहे. इजिप्तच्या शेतकऱ्यास हें ज्ञान तीस वर्षें उशिरां मिळालें. आपल्याला तें वेळेवर मिळालें आहे.