द्राक्षे व वाइन यांतील कवकविषांचे परीक्षण

काही कवके (बुरशीसारखे हरितद्रव्यरहित सजीव) धान्ये, तेलबिया वा फळे यांवर वाढत असताना जी विषारी संयुगे निर्माण करतात त्यांस कवकविषे म्हणतात. कवक मेले वा धुऊन काढले, तरी त्याने सोडलेले विष पदार्थात राहते. अपायकारक ठरणाऱ्या अल्प प्रमाणात ते रंग, वास किंवा चव यांवरून ओळखता येत नाही व नेहमीच्या शिजवण्याने पूर्णपणे नष्टही होत नाही. द्राक्षे, बेदाणे व वाइन यांच्या बाबतीत ओक्रॅटॉक्सिन-ए हे कवकविष सर्वांत महत्त्वाचे असून ते मुख्यत्वे वृक्कास (मूत्रपिंडास) अपाय करते.

इतिहास : कवकविषांची सर्वांत जुनी ओळख अरगट रोगामुळे झाली. मध्ययुगीन यूरोपात अरगटयुक्त राय धान्याच्या पावामुळे मोठ्या साथी येत. महाराष्ट्राला हा प्रश्न बाजरीच्या रूपाने परिचित आहे. १९५६-५७ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगटयुक्त बाजरीच्या सेवनाने मळमळ, ओकाऱ्या, घेरी व गुंगी अशी लक्षणे असलेली विषबाधा झाली. अरगट डोळ्यांना दिसतो व मिठाच्या २०% द्रावणात बाजरी टाकल्यास रोगट भाग तरंगून वर येतो. त्यामुळे त्याचे परीक्षण व निवारण शेतकऱ्यालाही घरच्या घरी करता येते.

न दिसणाऱ्या कवकविषांचे युग १९६० मध्ये सुरू झाले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिले अज्ञात रोगाने मेली. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस  या कवकाचे विष आढळले व कवकाच्या नावावरून त्यास ॲफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. जंबुपार किरणांखाली त्याचे घटक निळे वा हिरवे चमकतात. या अनुस्फुरणावरून (किरण पडत असताना पदार्थाने स्वतः प्रकाश देण्यावरून) त्यांना बी व जी अशी नावे देण्यात आली आणि पातळ थरावरील वर्णलेखन ही परीक्षणाची पहिली सर्वमान्य पद्धत रूढ झाली. भारतात या विषाचे गांभीर्य १९७४ मध्ये प्रत्ययास आले. राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाल्ल्याने ३९७ लोक यकृतविकाराने आजारी पडले व त्यांपैकी १०६ दगावले.

ओक्रॅटॉक्सिन-ए हे १९६५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ॲस्परजिलस ओक्रेशियस  या कवकापासून वेगळे करण्यात आले. प्रथम ते धान्यांचे विष मानले जाई. डेन्मार्कमधील डुकरांच्या वृक्कविकाराशी त्याचा संबंध सिद्ध झाला व १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत केली. १९९६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांना ते वाइनमध्ये व द्राक्षरसात आढळले. उष्ण प्रदेशांतील वाइनमध्ये ते अधिक, तसेच पांढऱ्या वाइनपेक्षा तांबड्या वाइनमध्ये अधिक असल्याचे दिसून आले. तांबडी वाइन करताना रस सालींसह आंबवला जातो, हे यामागील एक प्रमुख कारण होय. पुढील संशोधनाने ॲस्परजिलस कार्बोनेरियस  हे काळे कवक द्राक्षांतील या विषाचे मुख्य उगमस्थान ठरले. मणी तडकल्यास वा किडींनी पोखरल्यास ते आत शिरते. किण्वनात विषाचा काही भाग यीस्ट व चोथा यांबरोबर निघून जातो; उरलेला वाइनमध्ये राहतो.

परीक्षण पद्धती : वाइनमध्ये रंगद्रव्ये, अम्ले व टॅनिने विपुल असल्याने त्यांतून विष वेगळे काढणे हीच मुख्य अडचण होती. १९९९ मध्ये इटलीतील संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीने ती दूर झाली. वाइन प्रथम सोडियम बायकार्बोनेट व पॉलिएथिलीन ग्लायकॉल यांच्या द्रावणाने विरल करतात आणि ओक्रॅटॉक्सिनाचे प्रतिपिंड बसविलेल्या स्तंभातून सोडतात. प्रतिपिंड फक्त विषाला धरून ठेवतात व बाकीचे घटक वाहून जातात. नंतर मिथेनॉलाने विष सोडवून उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखनाने त्याचे मापन करतात. त्यासाठी ३३३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांनी होणारे ४६० नॅनोमीटरचे अनुस्फुरण मोजतात. यूरोपात २००५ च्या हंगामापासून वाइनसाठी दर लिटरला २ मायक्रोग्रॅम, म्हणजे एक हजार लिटरांत केवळ २ मिलिग्रॅम, अशी कमाल मर्यादा आहे. बेदाण्यांसाठी ती दर किलोग्रॅमला १० मायक्रोग्रॅम होती. २०२३ पासून ८ करण्यात आली. वर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटमापन यांच्या संयुक्त उपकरणाने आता अनेक कवकविषे एकाच वेळी मोजता येतात.

महाराष्ट्रातील स्थिती : नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे हे राज्यातील प्रमुख द्राक्ष जिल्हे होत. येथे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतात. त्यामुळे माल कोरड्या दिवसांत काढणीस येतो व कवकांना आळा बसतो. मात्र फेब्रुवारी-मार्चमधील अवकाळी पाऊस व गारपीट यांनी मणी फुटतात. २०१४ मध्ये अशी गारपीट मोठ्या प्रमाणावर झाली. तासगाव परिसरात शेडमधील जाळ्यांवर सुमारे दोन आठवडे वाळत असलेले बेदाणे भिजल्यासही हाच धोका संभवतो.

नारायणगाव येथे १९८० नंतरच्या दशकात वाइननिर्मिती सुरू झाली व २००१ च्या राज्य धोरणानंतर नाशिक परिसरात ती विस्तारली. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले. २००३ मध्ये यूरोपात भारतीय द्राक्षांतील कीडनाशकांच्या अवशेषांबाबत आक्षेप घेण्यात आल्यावर निर्यातक्षम मालाच्या तपासणीची यंत्रणा उभी राहिली. ती कीडनाशकांसाठी असली, तरी तशीच उपकरणे कवकविषांच्या परीक्षणासही उपयोगी पडतात.

नमुना घेण्यात मात्र फरक आहे. वाइन एकजीव असल्याने थोडा नमुनाही पुरतो. बेदाण्यांत विष काही मोजक्या मण्यांत एकवटलेले असू शकते. म्हणून साठ्याच्या अनेक ठिकाणांहून माल घेऊन, तो एकत्र वाटून मगच परीक्षण करावे लागते. सदोष नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष कितीही अचूक उपकरण वापरले तरी फसवा ठरतो. शिवाय परीक्षणाने विष कळते, पण निघून जात नाही. म्हणून फुटलेले मणी काढणीच्या वेळीच वेगळे करणे, काढलेली द्राक्षे त्वरित दाबणे आणि बेदाणे पावसापासून झाकणे हेच खरे प्रतिबंधक उपाय होत. निर्यातीच्या मालाइतकीच दक्षता घरगुती बाजारातील मालाबाबतही आवश्यक आहे, कारण विषाचा परिणाम ग्राहकाच्या देशावर अवलंबून नसतो.