डीमार्टचा मालक कोण? आजीचा एक प्रश्न

आजचा एपिसोड मारुंजीतून, आमच्याच हॉलमधून. मध्ये कुकरची शिट्टी ऐकू आली असेल तर सांभाळून घ्या.

झालं असं, की रविवारी डीमार्टमधून दोन पिशव्या भरून आणल्या. आजीला बिल वाचायची सवय. छापील किंमत आणि लावलेली किंमत तिनं ओळीनं पाहिली आणि विचारलं, "एवढं स्वस्त देतो, मालक कोण रे?" मी म्हटलं, दमाणी. ती म्हणाली, "आमच्या वेळी आम्हीच मालक होतो."

आजोबा गिरणी कामगार. आजी सांगत होती ती 'अपना बाजार'ची गोष्ट. 1948 मध्ये नायगावच्या कामगारांनी एकत्र येऊन सुरू केलेली ही ग्राहकांची सहकारी संस्था. शेअर घ्यायचा, सभासद व्हायचं आणि रास्त भावात माल न्यायचा. म्हणजे गिऱ्हाईक तोच मालक.

आता गंमत ऐका. राधाकिशन दमाणी किराण्याच्या धंद्यात उतरले ते 1999 मध्ये, नेरूळला, अपना बाजारचीच फ्रँचायजी घेऊन! त्याआधी ते शेअर बाजारातले मोठे खेळाडू. 'स्कॅम 1992' पाहिली असेल तर हर्षद मेहतांच्या विरुद्ध बाजूला बसलेला माणूस आठवेल, तेच हे. कपडे पांढरे, मुलाखती जवळपास नाहीतच. 2000 मध्ये अव्हेन्यू सुपरमार्ट्स ही कंपनी उभी राहिली आणि 2002 मध्ये पवईला पहिलं डीमार्ट उघडलं.

खरी युक्ती स्वस्त साखरेत नाही, जागेत आहे. मारुंजीच्या पोरांना जमिनीचं गणित काय शिकवायचं! आपल्याकडे शेतं होती तिथे टॉवर उभे राहताना पाहिलेत. दमाणींचा दंडक असा, की शक्यतो दुकानाची जागा विकतच घ्यायची, नाहीतर लांब मुदतीच्या कराराने. मग दर महिन्याच्या भाड्याचा बोजा नाही. पुरवठादाराचे पैसे पटकन चुकते करायचे, म्हणजे तो भाव कमी लावतो. माल लवकर खपणारा ठेवायचा. झगमगाट कमी. वाचलेला पैसा भावात.

यात वाढ मात्र हळू होते. पंधरा वर्षांत दुकानं सव्वाशेच्या आसपास, बस्स. चेन्नईच्या सुभिक्षानं बघता बघता सुमारे 1600 दुकानं काढली आणि 2009 मध्ये सगळा डोलारा कोसळला. बिग बझार डीमार्टच्या एक वर्ष आधी, 2001 मध्ये आलेलं. तिथे तर भाडं थकलं आणि 2022 मध्ये रिलायन्सनं त्यांची दुकानंच ताब्यात घेतली. कारण भाडेकरार आधीच रिलायन्सच्या नावावर आले होते! जागा आपली नसली की काय होतं, ते इथे दिसतं.

बरं, मालकी. मार्च 2017 मध्ये आयपीओ आला, 299 रुपयांना शेअर, पहिल्याच दिवशी भाव दुपटीवर. कंपनी 'पब्लिक' झाली खरी, पण ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा दमाणी कुटुंब आणि त्यांच्या कंपन्यांकडेच राहिला. सेबीचा नियम आहे, लोकांकडे निदान 25 टक्के हवेत. म्हणून फेब्रुवारी 2020 मध्ये सुमारे 4,000 कोटींचे नवे शेअर मोठ्या गुंतवणूकदारांना विकले आणि कुटुंबाचा वाटा 75 टक्क्यांच्या आसपास आला. तो आजही जवळपास तेवढाच. भाऊ गोपीकिशन प्रवर्तकांत, मुलगी मंजरी चांडक संचालक मंडळावर. रोजचा कारभार मात्र घराबाहेरच्या माणसाकडे. आधी हिंदुस्थान युनिलिव्हरमधून आलेले नेव्हिल नोरोन्हा, मग 2025 च्या जानेवारीत अंशुल असावा यांचं नाव जाहीर झालं, तेही युनिलिव्हरचेच.

मला हे पटतं का? अर्धं. एका घराच्या हातात सूत्रं होती म्हणून घाई झाली नाही, हे मान्य. पण नायगावच्या कामगारांना फक्त स्वस्त डाळ नको होती, दुकानात मतही हवं होतं. ते मत कुठल्याही बिलावर छापून येत नाही.

आजीला मी सांगितलं, तसा मीही मालक आहे, माझ्या डीमॅटमध्ये एक शेअर आहे.

ती म्हणाली, "मग सभेला बोलावतात का?"

म्हटलं, बोलावतात. मोबाइलवर.

"मग जा की," म्हणाली, आणि तूरडाळ डब्यात ओतायला उठली.