वेरूळचा अनामिक शिल्पकार

छत्रपती संभाजीनगरहून आम्ही आठ-दहा मंडळी एखादा गाईड बरोबर घेऊन निघतो, वाटेत देवगिरीचा किल्ला पाहतो आणि वेरूळला पोहोचतो. तेथील चौतीस लेण्यांपैकी कैलास लेणे कोणीच विसरत नाही. 'आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने हे बांधले,' असे आम्हांस सांगितले जाते. पण श्रोतेहो, कैलास बांधलेला नाही, कोरलेला आहे. आणि तोही शिखराकडून पायथ्याकडे! बांधकामात चुकीचा दगड बदलता येतो. येथे उडालेली कपची पुन्हा बसत नाही. म्हणजे पहिल्या घावापूर्वीच कोणाच्या तरी मनात संपूर्ण मंदिर उभे होते.

ते मन कोणाचे? इ. स. ८१२-१३ च्या बडोदे ताम्रपटात या मंदिराची स्तुती आहे. 'हे माझ्या हातून घडले तरी कसे?' असा विस्मय खुद्द ते घडविणाऱ्यासच पडला, असे ताम्रपट सांगतो. त्यात राजाचे नाव आहे. शिल्पकाराचे मात्र नाही.

राजांच्या नामावळीलाच आम्ही इतिहास म्हणत राहिलो, तर हा माणूस पुन्हा एकदा हरवेल. म्हणून कैलासाच्या प्रांगणात उभे राहिल्यावर आधी मान वर करावी. त्याचे काम तेथून सुरू झाले.