दारूबंदीपासून ब्रेथ अ‍ॅनालायझरपर्यंत: कोल्हापुरातील मद्यपी चालकाचा कायदा

कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षीचा मुंबई दारूबंदी अधिनियम करवीरवासीयांनाही लागू झाला. नशेत गाडी चालवणे 1939 च्या मोटार वाहन कायद्यातही गुन्हाच होते. पण परवान्याशिवाय पिणे हाच गुन्हा ठरल्यावर चालकापुढचा पहिला प्रश्न गाडीचा नव्हे, पोटातल्या दारूचा झाला.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो चक्क एका आरटीओमुळे. मे 1951 मध्ये मुंबईचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी बेहराम पेसिकाका यांच्या जीपने कुलाब्यात तिघांना धडक दिली. पेसिकाका यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता. आपण अल्कोहोलयुक्त टॉनिक घेतले होते, असा त्यांचा बचाव. दंडाधिकाऱ्यांनी सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये निर्दोष ठरवले. अल्कोहोल औषधातले नव्हते हे सिद्ध करणे सरकारचे काम, असा निवाडा झाला.

1959 च्या दुरुस्तीने ही वाट बुजवली. रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल सापडले की ते औषधातलेच होते हे दाखवण्याचा भार आरोपीवर आला. मग वाद रक्ताच्या बाटलीवर गेला. उखा कोल्हे या चालकाच्या खटल्यात, 1963 मध्ये, तपासणीला जाईपर्यंत नमुना कुणाच्या ताब्यात व कसा ठेवला होता, हेच कळीचे ठरले. सील आणि ताबा यांवर बचावाचे वकील आजही बोट ठेवतात.

1988 च्या मोटार वाहन कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आली. म्हणजे वाहन कायद्यातला आकडा दारूबंदी कायद्यातल्या 0.05 टक्क्यांहूनही खालचा! कोगनोळीपाशी सीमा ओलांडून कर्नाटकात गेले की महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा मागे राहतो, ही मर्यादा मात्र सोबत येते.

अटकेनंतर दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही, तर चालकाला सोडावे लागते. सबळ कारणाशिवाय ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकायला किंवा रक्त द्यायला नकार दिला, तर तो नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देतो. 1 सप्टेंबर 2019 पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. रस्त्यावर पावती फाडून हे मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते. तिथून प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तर पूर्वी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते.