वडीलधाऱ्यांची झोपेची गोळी

भगिनींनो, बारामती-इंदापूरकडे सासूसासऱ्यांच्या औषधांचा डबा आपणच सांभाळतो, म्हणून ही हकीकत मी लिहीत आहे.

सर्पगंधेच्या मुळीचा वेडावरील व रक्तदाबावरील गुण १९३१ साली कलकत्त्याच्या डॉ. सेन व डॉ. बोस यांनी नोंदला. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी तिचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन निघाले. पुढे कळले, त्याने मन खचते, उठताना घेरी येते.

१९६३ साली डायझेपाम आले. तेही उतारवयात शरीरातून सावकाश जाते. गुंगी राहते, पडून हाड मोडते. १९९१ साली अमेरिकेत डॉ. बीअर्स यांनी वृद्धांना टाळावयाच्या औषधांची यादी केली, तीत ते आले.

मुळी असो वा गोळी, वय पाहूनच द्यावी. शेजारणीची गोळी देऊ नये, चालू गोळी एकदम तोडू नये, डॉक्टरांना विचारावे.