दापोडीच्या बागेंतील उन्हाळा

पुण्याच्या इतिहासांत दापोडीचें नांव येतें तें बहुधा खडकीच्या लढाईच्या निमित्तानें. पेशव्यांच्या चाकरींतील कवायती पलटणींचा अधिकारी फोर्ड याचें ठाणें तेथें होतें, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं तो त्या पलटणी घेऊन इंग्रजांस जाऊन मिळाला, एवढें सांगून इतिहासकार पुढें जातात. पुढें अकरा वर्षांनीं त्याच दापोडीस जें निराळें काम सुरू झालें, त्याकडे मात्र आमच्यांतील फारच थोड्यांचें लक्ष गेलें आहे. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असतां १८२८ सालीं तेथें सरकारी वनस्पति-बाग स्थापन झाली, आणि सुमारें १८६५ पर्यंत ती चालली.

बाग नांवानें शास्त्रीय असली तरी तिचा नित्याचा व्यवहार रोपें वाढवून वांटण्याचा होता. परदेशाहून आलेलें उपयुक्त झाड दख्खनच्या हवेंत टिकतें कीं नाहीं हें पाहावयाचें, आणि टिकल्यास त्याचीं रोपें करून द्यावयाचीं. १८३८ सालीं ही बाग अलेक्झांडर गिब्सन नांवाच्या स्कॉच डॉक्टराकडे आली. हा गृहस्थ पूर्वीं देवी काढण्याच्या खात्यांत दख्खन व खानदेश हिंडलेला होता, व त्यामुळें कोणत्या गांवच्या ओढ्याला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असतें हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें होतें. त्याच्याच देखरेखीखालीं जुन्नर तालुक्यांत हिवरें येथें दुसरी बाग उभी राहिली, आणि तेथें सोनामुखी व इतर औषधी वनस्पती लष्करी दवाखान्यांसाठीं पिकूं लागल्या.

रोपांच्या बागेचें वर्ष मृगापासून मोजावयाचें असतें. लावणी पावसांत, म्हणून मृगाच्या दिवशीं जें रोप तयार नाहीं, तें वर्षभर मागें पडलें. सर्व खटाटोप त्यापूर्वींच्या चार महिन्यांत उरकावा लागतो, आणि दख्खनांत ते नेमके पाण्याच्या टंचाईचे महिने. मोटेच्या काळीं त्याचा अर्थ काय होता हें आजच्या वाचकास समजावून सांगणें भाग आहे. पहांटे बैल धावेवर यावयाचे, मोट थारोळ्यांत रिती व्हावयाची, आणि तेथून पाटानें पाणी वाफ्यांकडे जावयाचें. ऊन चढण्यापूर्वीं एक पाळी आणि दिवस कलल्यावर दुसरी. कुंड्यांतील रोपांस पाटाचें पाणी उपयोगाचें नाहीं. त्यांस घागरींनीं घालावयाचें. कुंडी उन्हानें तापली कीं तिच्या भिंतीस लागलेल्या कोवळ्या मुळ्या भाजून निघतात. यासाठीं ती कांठापर्यंत जमिनींत पुरून ठेवावयाची. वाफ्यांवर गवताच्या तट्ट्यांची सावली हवी, पण वारा कोंडला जातां कामा नये. याखेरीज तळ्याचा सुकलेला गाळ आणणें, पालापाचोळ्याचें खत चाळणें, नवे वाफे खणणें, हीं कामें चालूच.

शिवाय बियाण्याची घाई असते. आंब्याची कोय फार दिवस ठेवून चालत नाहीं; निंबोळी पिकून गळाली कीं थोड्याच आठवड्यांत तिचें सत्त्व जातें. उलट सागाचें फळ इतकें टणक कीं तें आळीपाळीनें भिजवून व वाळवून पेरावें तेव्हां कोठें अंकुर फुटतो. बाभळीसाठीं तर आमच्या शेतकऱ्यांस फार जुनी युक्ति ठाऊक आहे: शेळ्यांना शेंगा चारावयाच्या आणि त्यांच्या वाड्यांतील बिया वेंचून पेरावयाच्या, त्या चटकन उगवतात. हें ज्ञान कोणत्याही साहेबानें बोटींतून आणलेलें नव्हतें.

ज्येष्ठ लागला कीं शेवटचें आणि आमच्या मतें सर्वांत अवघड काम. रोपांवरची सावली थोडथोडी काढावयाची, पाणी तोडावयाचें, म्हणजे बागेबाहेरच्या जमिनींत तीं टिकतील. किती तोडावयाचें हें पुस्तकांत सांपडत नाहीं. पान कसें मान टाकतें हें पाहून माळ्यानेंच ठरवावयाचें. आमच्या महाविद्यालयीन शिक्षणांत ही पायरी अजून कोणास सुचलेली नाहीं. परदेशी रोपांच्या बाबतींत तर चूक फारच महाग पडे. १८३३ नंतर वॉर्डच्या कांचेच्या पेट्यांमुळें रोपें समुद्रावरून जिवंत येऊं लागलीं खरीं. पण पेटींतून निघाल्यावर त्यांची गांठ पडावयाची ती पुण्याच्या चैत्र-वैशाखाशीं.

गव्हर्नराचा बंगला या बागेलगतच होता. तथापि उन्हाळ्यांत त्याची स्वारी महाबळेश्वरीं असे. तें थंड हवेचें ठिकाणही माल्कमनेंच वसविलें. दापोडीचा मुक्काम पावसाळ्यांतला. म्हणजे सरकारी मंडळींच्या दृष्टीस ही बाग पडे ती बहुधा हिरवीगार झालेलीच.

गिब्सनचें तसें नव्हतें. सह्याद्रीवरील व कोंकणांतील झाडी तुटत चालल्यानें ओढे आटत आहेत, अशा आशयाचीं पत्रें त्यानें सरकारास लिहिलीं, आणि १८४७ सालीं मुंबई इलाख्याच्या जंगलांचा पहिला संरक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. त्याचें जंगलांविषयींचें मत प्रवासांतून व ग्रंथांतून बनलें असें पंडित म्हणतील. आमचा तर्क असा कीं वैशाखांत विहिरीचें पाणी उतरतांना पाहणें व मोटा मोजणें, हेंही त्याचें एक कारण असावें. रोपांच्या बागेचा अधिकारी हा पाण्याचा कारकून असतोच.

परंतु या जंगलरक्षणाची दुसरी बाजू सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. बागेभोंवतीं कुंपण घालणें वेगळें आणि डोंगराभोंवतीं घालणें वेगळें. पुढें जंगलखातें वाढलें, गांवचीं कुरणें व गायरानें त्यांत गेलीं, आणि शेतकऱ्याच्या गुरांस चरावयास जागा उरेना. ही तक्रार जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत रोखठोक मांडली. त्याच ग्रंथांत पावसाचें पाणी जागोजागीं ताली-बंधारे घालून अडवावें असाही त्यांचा आग्रह आहे. फुल्यांचें घराणें पेशव्यांस फुलें पुरविणाऱ्या माळ्यांचें. झाडाला पाणी लागतें हें त्यांस कोणी शिकविण्याची गरज नव्हती. गिब्सन आणि फुले दोघांचीही चिंता एकाच आटणाऱ्या ओढ्याची होती. पण एकानें ती सरकारच्या बाजूनें पाहिली व दुसऱ्यानें गुराख्याच्या, आणि आम्हांस फुल्यांचें पाहणें अधिक पुरें वाटतें.

दापोडीचें काम १८७३ सालीं जवळच गणेशखिंडींत नव्यानें सुरू झालें. त्याच दशकांत खडकवासल्याचें धरण पुरें झालें आणि पुण्याच्या परिसरांतील बागांस कालव्याचें पाणी मिळूं लागलें. गणेशखिंडीची बाग अद्याप आहे, आणि २०२० सालीं तिला जैवविविधतेचा वारसा म्हणून सरकारी मान्यताही मिळाली.

दापोडीचें जें उरलें आहे तें एडिंबरोच्या वनस्पति-बागेच्या संग्रहांत. गिब्सननें १८४७ ते १८५० या काळांत आपल्या बागेंतील झाडांचीं चित्रें काढवून घेतलीं. तीं एकशें सत्तराहून अधिक आहेत, आणि २००२ सालीं त्यांवर एक ग्रंथही प्रसिद्ध झाला. चितारी पोर्तुगीज-हिंदी होता असें सांगतात. त्याचें नांव कोणी लिहून ठेविलें नाहीं. चित्रांत पानें आहेत, फुलें आहेत, फळ उभें चिरून आंतल्या बियाही दाखविल्या आहेत. ज्या माळ्यांनीं त्या झाडांना दापोडीच्या उन्हाळ्यांत घागरींनीं पाणी घातलें, त्यांचींही नांवें तेथें नाहींत.